बी व्हिटॅमिन्स: आधी स्वयंपाकघर बघा, मग रिपोर्ट, आणि मग मेडिकल

थकवा आला की बी कॉम्प्लेक्स, तोंड आलं की बी कॉम्प्लेक्स, केस गळायला लागले, पायाला मुंग्या आल्या, पोराची दहावी आली, काहीही झालं की आपल्याकडे मेडिकलमधून एक स्ट्रिप आणायची आणि संपेपर्यंत खायची अशी पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीजर्द झाली की औषध लागू पडलं असं पण वाटतं, खरं तर ते जास्तीचं बी२ बाहेर पडत असतं, बाकी काही नाही. गोळ्या वाईट नाहीत, पण नक्की कशासाठी घेतोय हे कळलं तर अर्ध्या लोकांना त्यांची गरज नाही आणि उरलेल्यांना वेगळीच गोळी पाहिजे असं निघेल. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, सावकाश वाचा.

बी म्हणजे एक व्हिटॅमिन नाही, आठ आहेत. बी१ थायमिन, बी२ रायबोफ्लेविन, बी३ नायसिन, बी५ पँटोथेनिक अ‍ॅसिड, बी६ पायरिडॉक्सिन, बी७ बायोटिन, बी९ फोलेट (गोळीतलं ते फोलिक अ‍ॅसिड) आणि बी१२ कोबालामिन. मधले नंबर कुठे गेले विचारू नका, तेव्हा जे व्हिटॅमिन वाटले त्यातले काही नंतर यादीतून बाद झाले. ही नावं पाठ करायची गरज नाही पण स्ट्रिपच्या मागे याच नावांनी लिहिलेलं असतं, त्यामुळे तोंडओळख असलेली बरी. सगळ्यांचं काम साधारण एकाच खात्यातलं, खाल्लेल्या अन्नाची शक्ती करणं, रक्त तयार करणं आणि नसा धडधाकट ठेवणं. सगळी पाण्यात विरघळणारी, म्हणून बहुतेक शरीरात फार साठत नाहीत, रोजच्या रोज लागतात. अपवाद बी१२ चा, ते लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं पुरेल एवढं साठू शकतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो, त्यावर पुढे येतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की यातली सात आपल्या साध्या ताटातून मिळतात, आपण ती धुवून आणि उकळून सिंकमध्ये ओतली नाहीत तर. आठवं, म्हणजे बी१२, ते शाकाहारी माणसाला ताटातून पुरेसं मिळेल याची खात्री नाही, त्याला टेस्ट करूनच बघावं लागतं. दोन्हीला एकच उपाय लावला की गडबड होते.

आधी भात

बी१ ची पूर्ण गोष्टच भाताची आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचा अभ्यास करत होते, पाय लुळे पडतात, सूज येते, हृदय थकतं तो आजार. त्यांच्या कोंबड्यांना पण तसलंच काहीतरी झालं, आणि मग अचानक बऱ्या पण झाल्या. शोध घेतला तर कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना दवाखान्याच्या मुदपाकखान्यातला पांढराशुभ्र भात घालत होते, आणि नवीन आचाऱ्याने तो द्यायचा बंद केला तेव्हा साध्या, पॉलिश न केलेल्या तांदळावर त्या सुधारल्या. तांदळावरच्या त्या तपकिरी सालीत थायमिन असतं आणि पॉलिश करताना तीच निघून जाते. या कामासाठी आइकमनना १९२९ चं नोबेल मिळालं.

आता आपल्या घरी काय करायचं. तुम्ही कोकणातले किंवा गोव्यातले असाल आणि घरी उकडा तांदूळ खात असाल तर अर्धी लढाई आधीच जिंकलीत. भात सडण्याच्या म्हणजे कांडण्याच्या आधी उकडला की सालीतलं व्हिटॅमिन दाण्याच्या आत जातं आणि मग वरचा कोंडा काढला, तांदूळ धुतला तरी बऱ्यापैकी टिकतं. वरून पेज पितात ती वेगळी. घाटावर मात्र आपण कोलम किंवा आंबेमोहोर घेतो, तो चांगला पॉलिश केलेला असतो, आणि तो पाणी नितळ होईपर्यंत चोळून चोळून चार-पाच वेळा धुतो, ते दुधासारखं पांढरं पाणी जातं ना सिंकमध्ये, त्यात स्टार्चबरोबर उरलंसुरलं थायमिन पण जातं. तांदूळ हलक्या हाताने दोनदा धुवा, पुरे. बेताच्या पाण्यात कुकरला लावा. ज्यांना वेळून केलेला मोकळा भातच आवडतो त्यांनी निदान ती पेज फेकू नका, वरणात किंवा कणकेत घाला. (काही भागात पाण्यात आर्सेनिक असतं म्हणून भरपूर पाण्यात भात शिजवून पाणी ओता असं सांगतात, तो वेगळा विषय आहे आणि तिथे ते बरोबर आहे.)

हातसडीचा तांदूळ सगळ्यात चांगला पण घरात सगळे खातील असं नाही, पोरं तर नाकच मुरडतात. मग भाकरी आहे की. ज्वारी, बाजरी, नाचणी, गव्हाची कोंड्यासकट कणीक, या सगळ्यांत बी१, बी३, बी६ बऱ्यापैकी असतं. मैद्यात ते जातं, कारण कोंडा आणि अंकुर दोन्ही काढलेले असतात. म्हणजे सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव आणि रात्री पांढरा भात असं ज्याचं चाललंय त्याला बी१ कमी पडू शकतं, त्यात रोजची दारू असेल तर नक्कीच.

रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत लोह, फोलिक अ‍ॅसिड आणि बी१२ घातलेले दाणे मिसळून मिळायला लागले, शंभर दाण्यांत एक असं साधारण प्रमाण. ते रंगाला जरा वेगळे दिसतात, म्हणून प्लास्टिकचा तांदूळ आला अशी अफवा गावोगाव फिरली आणि बायकांनी निवडून निवडून फेकले. प्लास्टिक बिस्टिक काही नाही, तांदळाच्याच पिठात ही पोषणद्रव्यं मिसळून पुन्हा दाण्याच्या आकारात पाडलेले असतात ते. फेकू नका. फक्त थॅलेसेमियासारखा आजार असेल, जिथे लोह बाहेरून द्यायचं नसतं, तिथे डॉक्टरला विचारून घ्या.

मग डाळ, भाजी आणि सोडा

खायचा सोडा ही एक वाईट सवय आहे. छोले, राजमा लवकर शिजावा म्हणून चिमूटभर, पालक हिरवागार राहावा म्हणून चिमूटभर. थायमिनला अल्कली सहन होत नाही, सोडा घालून उकळलं की ते फुटतं. रात्री भिजत घाला, सकाळी कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या, सोड्याची गरज पडत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनी एक काम मात्र फार हुशारीने केलंय. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवतो तेव्हा भरपूर पाणी घालतो आणि ते नंतर चाळणीवर गाळतो, त्या कटात डाळीतली पाण्यात विरघळणारी सगळी मंडळी उतरलेली असतात, आणि आपण त्याची कटाची आमटी करतो! आता रेडिमेड पुरणपोळी येते घरी, पोळी येते आणि कट कुठेतरी कारखान्याच्या गटारात जातो, असो. हाच नियम शेवग्याच्या शेंगा उकडलेल्या पाण्याला, भाजीच्या वाफवलेल्या पाण्याला लावा, कुठल्यातरी आमटीत घालून टाका.

पालेभाजी आधी धुवा मग चिरा. चिरून मग पाण्यात बुचकळली की फोलेट पाण्यात जातं. आणि झाकण ठेवून थोडक्यात शिजवा, फोलेट उष्णतेने पण मोडतं, पालकाची पाव तास उकळलेली प्युरी आणि परतलेली पालकभाजी यात फरक पडतो. मेथी, पालक, अंबाडी, चवळी, मसूर, हरभरा, हे सगळे फोलेटचे. मटकीला किंवा मुगाला मोड आणले की फोलेट वाढतं, त्यामुळे उसळ हा प्रकार आठवड्यातून दोन-तीनदा व्हायलाच हवा, मिसळ पण चालेल पण तर्री जरा बेताने.

बी३ साठी आपल्याकडे शेंगदाणा आहे आणि आपण तो भाजीत, चटणीत, कोशिंबिरीत, जिथे तिथे घालतोच. ३० ग्रॅम म्हणजे मूठभर दाण्यांत साडेतीन-चार मिलिग्रॅम नायसिन येतं, दिवसाच्या गरजेचा पाव हिस्सा धरा. भाजल्याने नायसिनला फारसं काही होत नाही, म्हणजे दाण्याचा कूट चालतो. साबुदाणा हा नुसता स्टार्च, त्यात बी व्हिटॅमिन औषधाला पण नाही, खिचडीत जे काही मिळतं ते कुटातून आणि बटाट्यातून. उपास खूप करणाऱ्यांनी राजगिरा, वरई, दूध, केळं याकडे वळलेलं बरं, केळ्यात आणि बटाट्यात बी६ चांगलं असतं.

ज्वारीबद्दल एक गोष्ट ऐकून लोक घाबरतात म्हणून सांगते. नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो, गळ्याभोवती आणि हातांवर उन्हाच्या जागी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, डोकं पण भ्रमतं. हा आजार जगभर मका खाणाऱ्या गरिबांत दिसला आणि आपल्याकडे दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमाराला यावर काम केलं आणि ज्वारीतल्या ल्यूसीन या घटकाकडे बोट दाखवलं. पण ते लोक जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगत होते. भाकरीबरोबर पिठलं, ताक, शेंगदाण्याची चटणी असेल तर तुम्हाला काहीही होत नाही, खुशाल खा.

बी२ दुधात, अंड्यात, पालेभाज्यांत, मशरूममध्ये. ते उजेडाने खराब होतं, म्हणून दूध पारदर्शक बाटलीत उन्हात ठेवू नका. ओठांचे कोपरे चिरणं, जीभ लाल होऊन झोंबणं हे बी२ कमी असल्याचं लक्षण असू शकतं, पण लोह कमी असलं तरी तसंच होतं, म्हणून वारंवार होत असेल तर सरळ सीबीसी (रक्तपेशी मोजायची साधी तपासणी) करून घ्या. बी५ जवळजवळ सगळ्याच अन्नात असतं, त्याचा विचार सोडून द्या.

फोलिक अ‍ॅसिड कधी सुरू करायचं

याची सुरुवात आपल्या परळमधून झालीय हे फार लोकांना माहीत नाही. ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होत्या, आणि गिरण्यांमधल्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या अ‍ॅनिमियाचं कारण त्यांना शोधायचं होतं, ज्यात रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. बरंच काही करून बघितलं, शेवटी मार्माइट म्हणजे यीस्टचा तो काळा खारट लगदा दिला आणि बायका सुधारायला लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्यातलं काम करणारं द्रव्य म्हणजेच पुढे फोलेट निघालं.

आता व्यवहाराचं. बाळाचा मेंदू आणि मणका ज्यातून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली, टेस्ट केली, डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, तोवर ते काम उरकलेलं असतं. म्हणून फोलिक अ‍ॅसिड दिवस गेल्यावर सुरू करायचं औषध नाही, प्लॅनिंग सुरू केलं की निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायचं आणि पहिले तीन महिने चालू ठेवायचं. सरकारी दवाखान्यातली आणि आशाताईंकडून मिळणारी लाल गोळी असते त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं, ती गरोदरपणात पुढे चालते. आपल्याकडे मेडिकलमध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमच्या बारापट. ती फिट्सचं औषध चालू असलेल्यांना, डायबिटीस असलेल्यांना, आधीच्या बाळाला मणक्याचा दोष होता अशांना डॉक्टर देतात. सगळ्यांनी आपली आपण घ्यायची नाही.

का नाही, तर बी१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड भरपूर दिलं की रक्त सुधारतं, रिपोर्ट छान दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांवर लक्ष ठेवलं, त्यात दोन तृतीयांश बायकांचं बी१२ कमी निघालं. आणि ज्यांचं बी१२ कमी पण फोलेट जास्त होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, जास्त दिसला. म्हणून बाळाचा विचार करत असाल तर फोलिकच्या आधी एकदा बी१२ बघून घ्या.

बी१२: इथे अंदाज चालत नाही

बी१२ फक्त जिवाणू तयार करतात. झाडं करत नाहीत. जनावरांच्या पोटात किंवा चाऱ्यातून ते त्यांच्या अंगात जातं आणि तिथून मांस, मासे, अंडी, दूध यातून आपल्यापर्यंत येतं. बास, बाकी सोर्स नाही. इडली-डोशाचं पीठ आंबल्याने बी१, बी२, फोलेट थोडं वाढतं पण बी१२ वर भरवसा ठेवू नका. स्पिरुलिनाच्या डबीवर बी१२ लिहिलेलं असतं पण ते बरंचसं आपल्या शरीराला न चालणारं असतं, टेस्टमध्ये दिसतं आणि कामाला येत नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. मायक्रो, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन. १०० मिली दुधात धरून चाला साधारण ०.३ ते ०.५. आता "आमच्याकडे दूधदुभतं भरपूर आहे" म्हणणाऱ्यांनी प्रामाणिकपणे मोजून बघा, एका चहात ५० मिली दूध, असे दोन चहा, जेवणात वाटीभर पातळ ताक ज्यात दही चार चमचे, झालं. पाऊण मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही. त्यात तेच दूध सकाळ-संध्याकाळ उकळून उकळून अजून थोडं कमी होतं. शाकाहारी माणसाने रोज दोन मोठे पेले दूध किंवा तेवढं दही, वर थोडं पनीर असं खाल्लं तर गरजेच्या आसपास येतं. एकदम प्यायच्या ऐवजी वाटून घ्या, कारण पोट एका वेळेला अन्नातून दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या वर बी१२ शोषू शकत नाही.

"आम्ही तर नॉनव्हेज खातो" ही दुसरी बाजू. रविवारचं चिकन म्हणजे बी१२ ची सोय झाली असं नाही, चिकनच्या छातीच्या मांसात ते कमीच असतं. मटणात त्याच्या कितीतरी पट. बांगडा आणि तारली यांत भरपूर, तिसऱ्या म्हणजे शिंपले त्याच्याही वर, आणि कलेजी तर विचारूच नका (गरोदरपणात कलेजी नको, त्यात व्हिटॅमिन ए फार असतं). एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅम, तोही पिवळ्यात, जिमवाले पिवळं काढून टाकतात ते याच्यासकट टाकतात. आणि श्रावणात किंवा चातुर्मासात मासे बंद केले म्हणून बी१२ खाली येत नाही, लिव्हरमधला साठा एवढ्यात संपत नाही, ते कारण सांगून गटारीला जास्त खायची गरज नाही.

तो साठाच फसवतो. खाणं बंद झाल्यावर कित्येक महिने, कधी कधी वर्षं काही जाणवत नाही, आणि जेव्हा जाणवतं तेव्हा हळूहळू येतं, त्यामुळे वय झालं म्हणून सोडून देतात. आमच्या सासूबाईंचं तेच झालं. पूर्ण शाकाहारी, डायबिटीससाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन, आणि सकाळी उठल्या उठल्या अ‍ॅसिडिटीची गोळी. पायातली चप्पल मागे निसटून राहायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर पण त्यांना कळायचं नाही. बेसिनपाशी डोळे मिटून तोंडाला साबण लावला की तोल जायचा, एक हात भिंतीला धरून तोंड धुवायच्या. हिमोग्लोबिन जवळजवळ बरं होतं म्हणून कुणी बी१२ विचारलंच नाही, आणि शेवटी केलं तर दीडशेच्या खाली. डोळे मिटल्यावर तोल जाणं हे लक्षण लक्षात ठेवा, पायाच्या नसांकडून मेंदूला खबर जात नसली की माणूस नजरेच्या आधारावर उभा असतो, डोळे मिटले की तो आधार पण जातो.

मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या (पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे), दोन्हींनी बी१२ चं शोषण कमी होतं. म्हणून गोळी बंद करायची नाही, वर्षातून एकदा बी१२ बघायचं एवढंच. याशिवाय साठीच्या पुढचे, वजन कमी करायचं ऑपरेशन झालेले, आतड्याचे आजार असलेले, दूध पण सोडलेले व्हीगन, आणि शाकाहारी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया, यांनी टेस्ट करून घ्यावी. आईचंच कमी असेल तर दुधातून बाळाला मिळत नाही, मग नुकतं बसायला लागलेलं बाळ मागे पडतं, हसायचं कमी होतं, हात थरथरतात, केस विरळ होतात. असं दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा, घरगुती उपाय नकोत.

टेस्ट आणि रिपोर्ट

टेस्ट गोळ्या सुरू करायच्या आधी करा. लोक पंधरा दिवस बी कॉम्प्लेक्स खाऊन मग रक्त देतात, आकडा हजाराच्या वर येतो आणि सगळे खूश, त्याचा काही उपयोग नाही. रिपोर्टमध्ये आधी युनिट बघा, बहुतेक लॅब पिकोग्रॅम प्रति मिली देतात. २०० च्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० म्हणजे काठावर, तिथे लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलोनिक अ‍ॅसिड या आणखी रक्ताच्या टेस्ट करायला सांगतात. लॅबप्रमाणे रेंज थोडी बदलते. युनिट पिकोमोल असेल तर आकड्याला १.३५ ने गुणा म्हणजे पिकोग्रॅम येतात. सीबीसीमध्ये एमसीव्ही नावाची ओळ असते, तांबड्या पेशींचा आकार, बी१२ किंवा फोलेट कमी असलं की तो १०० च्या वर जातो, पण आपल्याकडच्या बायकांत लोह पण कमी असतं आणि लोह कमी असलं की पेशी लहान होतात, दोन्ही एकदम असलं की आकार नॉर्मल दिसतो. म्हणजे एमसीव्ही ठीक आहे म्हणून बी१२ ठीक आहे असं नाही.

आकडा कमी आला आणि मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा असलं काही असेल तर इंजेक्शन, ते डॉक्टर ठरवतील, आधी कमी अंतराने आणि मग लांब अंतराने देतात. नुसताच आकडा कमी आणि बाकी काही नाही तर गोळीने भागतं. ५०० किंवा १००० मायक्रोग्रॅमची गोळी बघून एवढं कशाला असं वाटतं, पण मोठ्या डोसमधलं जेमतेम एक टक्का अंगाला लागतं, म्हणून ती तेवढी मोठी. गोळीतलं बी१२ मिथाइल प्रकारचं चांगलं की सायनो यावर उगाच डोकं घालवू नका, बहुतेकांना दोन्ही चालतं, सायनो स्वस्त आणि टिकाऊ. जिभेखाली ठेवायची आणि गिळायची यात पण फारसा फरक नाही. तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट करा. थकवा काही आठवड्यांत कमी होतो, नसांना महिने लागतात, आणि फार जुनं दुखणं असेल तर थोडं राहून पण जातं, सासूबाईंची चप्पल आता निसटत नाही पण तळव्याची बधिरता थोडी आहे अजून. आणि आकडा वर आला म्हणून गोळी कायमची बंद करू नका, कारण ज्याच्यामुळे कमी झालं होतं ते खाणं किंवा ते औषध तसंच चालू असतं.

स्ट्रिपच्या मागे काय वाचायचं

मुंग्यांसाठी म्हणून ज्या नसांच्या गोळ्या मिळतात त्यात पायरिडॉक्सिन म्हणजे बी६ किती आहे ते बघा. ५०-१०० मिलिग्रॅम बी६ महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच नसा खराब होऊन मुंग्या येऊ शकतात, आणि मग मुंग्या कमी होईनात म्हणून माणूस दुसरी स्ट्रिप आणतो. रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास आहे हे लक्षात ठेवा. टीबीच्या औषधांत आयसोनियाझिड असतं म्हणून बरोबर बी६ देतात, ते मात्र सांगितलेलं चुकवू नका.

केसांसाठी म्हणून ज्या चघळायच्या गोड गोळ्या म्हणजे गमी मिळतात त्यात बायोटिन असतं, साध्या खाण्यातून ते कमी पडणं फार दुर्मिळ आहे, कच्च्या अंड्याचा पांढरा बलक रोज पीत असाल तर गोष्ट वेगळी. केस गळतात तेव्हा आधी लोह आणि थायरॉईड बघा. आणि थायरॉईडची टेस्ट करायची असेल तर बायोटिन दोन-तीन दिवस आधी बंद करा, लॅबला सांगा, नाहीतर मोठ्या डोसमुळे रिपोर्ट चुकीचा येतो आणि नसलेल्या आजाराची औषधं चालू होतात. हार्ट अ‍ॅटॅकची ट्रोपोनिन टेस्ट पण त्याने चुकू शकते, म्हणून इमर्जन्सीत गेलात तर गमी खाताय हे सांगायला लाजू नका.

घरात कुणी रोज पिणारं असेल आणि जेवण तुटलेलं असेल, किंवा गरोदर बाई आठवडेच्या आठवडे उलट्यांनी हैराण असेल, आणि अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागली, चालताना झोक जायला लागला, डोळे विचित्र हलायला लागले, तर हे बी१ संपल्याचं असू शकतं. तिथे गोळी, लिंबू सरबत, ग्लुकोजचं पाणी काही करत बसू नका, सरळ हॉस्पिटल, आणि तिथे गेल्या गेल्या पिणं किंवा उलट्या किती दिवस चालू आहेत ते सांगा, सलाईनमधून साखर चढवायच्या आधी किंवा बरोबरच थायमिन द्यावं लागतं.

परदेशात असाल तर थोडं सोपं आहे. अमेरिकेत १९९८ पासून मैद्यात फोलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं आहे, सकाळच्या सिरियलमध्ये बऱ्याचदा बी१२ घातलेलं असतं, मार्माइटमध्ये पण हल्ली घालतात. प्लांट मिल्क घेताना मात्र पाकिटाची बाजू वाचा, बदामाच्या किंवा ओटच्या दुधात बी१२ आपलं आपण नसतं, घातलं असेल तरच असतं, आणि ऑरगॅनिक लिहिलेल्या ब्रँडमध्ये बऱ्याचदा घातलेलं नसतं.